प्रॉम्प्टरची मुलाखत

लीलाधर कापगतेला शांतता सहन होत नसे, आणि याच खोडीवर त्याचं सात हंगाम पोट भरलं होतं. दिवाळी उलटली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडई भरली की नाटक होतं, आणि नाटक म्हटलं की विंगेत पुस्तक घेऊन बसणारा प्रॉम्प्टर लागतोच. वडशाच्या नाटक कंपन्यांतल्या नटांना आज एका गावात सासरा तर उद्या दुसऱ्या गावात दरोडेखोर व्हायचं असतं. तालमीला वेळ कुणाला? नट एक पाऊल पुढे टाकतो, हात वर करतो आणि पुढचं वाक्य त्याला विंगेतून मिळतं. पुढच्या रांगेतल्या लोकांना प्रॉम्प्टरचा आवाज लख्ख ऐकू येतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पुण्याकडच्या माणसाला हे सांगितलं तर तो नाक मुरडेल. मुरडू द्या. आमच्याकडे पोस्टरवर प्रॉम्प्टरचं नाव छापतात.

लीलाधर त्या कामात पट्टीचा होता. नट अडखळल्यावर वाक्य देणारे पुष्कळ असतात. हा नट अडखळायच्या आधीच देई. समोरच्याचा श्वास जरा लांबला की याच्या तोंडातून शब्द बाहेर. एवढं करून घरात गणिताची एम.एस्सी. पडून होती, वय एकोणतीस झालं होतं आणि सडक अर्जुनीत दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन तो कंटाळला होता. त्याला आता नोकरी हवी होती. ऊन लागो की थंडी, महिन्याच्या महिन्याला चालू राहणारी, आणि ज्या गणितावर त्यानं जीव लावला ते गणित जिथं उपयोगी पडेल अशी. म्हणून गेलं वर्षभर तो रंजिता शहारेच्या खोलीवर जात होता.

रंजिता सडक अर्जुनीचीच. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीत ती डेटा सायंटिस्ट होती आणि करोनात घरून काम करायची जी मुभा मिळाली ती तिनं नंतर सोडलीच नाही. दर रविवारी ती बुद्धविहाराच्या वाचनालयाच्या खोलीत बसे आणि या कामात शिरू पाहणाऱ्या चारपाच जणांना फुकट वाट दाखवी. हैदराबादेत अशा माणसाला मेंटॉर म्हणतात. इथं लोक म्हणत, ‘रंजिताताईच्या इथं जाऊन राहिला,’ म्हणजे तिच्याकडे शिकायला जातो. नागपुरात शंभर टक्के नोकरीची हमी देणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. रंजिता कसलीच हमी देत नसे, उलट येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सोलून काढी.

“हा प्रोजेक्ट काढून टाक,” लीलाधरचा बायोडाटा बघून ती म्हणाली होती. “बुडालेल्या जहाजातले कोणते प्रवासी वाचले? अरे, साऱ्या देशातल्या पोरांनी तेच करून ठेवलं आहे. गोंदिया जिल्ह्यात समुद्र तरी आहे का? बोदलकशाच्या तलावातल्या मासोळीवर काही कर, धानावर कर, तुझ्या नाटकांवर कर. मुलाखत घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे या माणसालाच सुचलं असतं.”

लीलाधरनं ते ऐकलं. कोणत्या गावात कोणतं नाटक चालतं आणि कोणतं पडतं, याचा अंदाज बांधणारं मॉडेल त्यानं बनवलं आणि ते चांगलं बनलं. पण सराव मुलाखतीला बसला की त्याचं सगळं ओमफस होई. रंजितानं प्रश्न अर्धा विचारला की याचं उत्तर सुरू. पाठ केलेलं, घाईचं, आणि पुष्कळदा भलत्याच प्रश्नाचं.

“मी प्रश्न तरी संपवू का?” रंजिता म्हणे.

“नाई ताई, गॅप पडला होता.”

“पडू दे ना गॅप! गॅप पडला की तुझ्या पोटात काऊन दुखते?”

रंजिताकडे येणाऱ्या सगळ्यांत हुशार होती डिंपल लांजेवार. कोहमाऱ्याची, तेवीस वर्षांची, संख्याशास्त्राची बी.एस्सी. बोलणं तुटक आणि कमी. तिला प्रश्न विचारला की ती खाली बघे, इतका वेळ की बाकीचे चुळबुळ करू लागत, आणि मग एकच वाक्य बोले. ते वाक्य सहसा बरोबर असे. लीलाधरला ती बहिणीसारखी. तिच्या त्या खाली बघण्यानं मात्र त्याचा जीव वरखाली होई.

त्या वर्षी पावसाळा संपताना रंजितानं बातमी आणली. नागपूरची एक छोटी कंपनी होती. मालवाहू ट्रक कुठे अडकतील, कधी पोचतील याचे अंदाज बांधून देणारी. तिथं शिकाऊ डेटा सायंटिस्टची एक जागा निघाली होती. एकच. रंजितानं आपला शब्द टाकून दोन नावं पाठवली होती, डिंपल आणि लीलाधर. मुलाखत ऑनलाइन. डिंपलची मंगळवारी, लीलाधरची शुक्रवारी.

“जागा एक आणि माणसं तुम्ही दोघं,” रंजिता म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते, ज्याला मिळेल त्याचं दुसऱ्यानं तोंड गोड करायचं. रुसवेफुगवे माझ्या खोलीत चालणार नाहीत.”

लीलाधर त्या रात्री झोपला नाही म्हटलं तरी चालेल. ही जागा आपल्याला मिळालीच पाहिजे, असं त्याला वाटत होतं आणि असं वाटण्यात काही पाप नाही. वडशाच्या कंपनीला त्यानं निरोपसुद्धा देऊन टाकला की यंदा माझं धरू नका.

मंगळवारी डिंपल विहाराच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. तिथलं वायफाय लहरी, म्हणून लीलाधर आपल्या मोबाइलचं नेट चालू ठेवून दाराशी बाकावर बसला होता. वायफाय गेलं तर डिंपलनं लगेच याच्यावर यावं, एवढंच त्याचं काम. रंजिता घरी स्वतःच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये अडकली होती. पडद्यावर नागपूरच्या बारापात्रे मॅडम होत्या, कंपनीच्या मालकीणबाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या. पहिले चारदोन प्रश्न सरळ गेले. मग मॅडमनी विचारलं, “समजा, तुमच्यासमोर ट्रकांच्या नोंदींचा तक्ता आहे. गाडी कधी पोचली, हा रकानाच कित्येक ठिकाणी रिकामा आहे. काय कराल?”

डिंपलनं खाली बघितलं.

लीलाधरला उत्तर येत होतं. पुस्तकात होतं, यूट्यूबवर होतं, त्याच्या जिभेवर होतं. रिकाम्या जागी मधला आकडा भरायचा, ज्याला मीडियन म्हणतात. डिंपल बोलेना. खोली गप्प. पंखा फिरतोय, मॅडम बघतायत, पोरगी खाली बघतेय, आणि लीलाधरच्या अंगातला सात हंगामांचा प्रॉम्प्टर उठून बसला. त्याला न विचारता बसला, हे इथं सांगितलं पाहिजे. त्यानं ठरवून काही केलं नाही. गरम तव्याला बोट लागलं की हात मागं येतो ना, तसा त्याच्या तोंडातून आवाज आला, बारीक पण लख्ख, रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाच्या नटापर्यंत पोचणारा.

“मीडियन! मीडियन भरीन म्हन!”

डिंपलनं मान वर केली. पडद्यावरच्या मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

“तुमच्या खोलीत कोण आहे?” त्यांनी विचारलं.

तिनं दाराकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. “भाऊ आहे,” ती म्हणाली, आणि ते आणखी वाईट दिसलं.

“धन्यवाद,” मॅडम म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

डिंपल उठली. तिचे डोळे कोरडे होते. लीलाधरला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

“मी विसरली नव्हती,” ती म्हणाली. “तो खाना रिकामाच काऊन राहिला, त्याचा मी विचार करत होती. गाडी पोचलीच नाई म्हनून रिकामा आहे, की पोचली पन कोनी लिवलंच नाई? मंग भरू का नको भरू, ते त्याच्यावर आहे ना? तुमाले कोन सांगतलं होतं बोलाले?”

“डिंपल, मले वाटलं तू अडकली...”

“तुमाले सदाच वाटते!” ती म्हणाली आणि बॅग उचलून निघून गेली.

संध्याकाळी कंपनीचा मेल आला. उमेदवार मुलाखतीत दुसऱ्याची मदत घेत असल्याचं आढळलं, सबब तिचा अर्ज बंद करण्यात येत आहे. यापुढच्या मुलाखती नागपूरच्या कार्यालयात समक्ष होतील. लीलाधरची शुक्रवारची वेळ तशीच होती. आवाज कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रंजितानं मेल वाचला आणि नागपूरला फोन लावून, लीलाधरचं नाव न घेता, डिंपलची बाजू मांडली. बारापात्रे मॅडम सौजन्यानं बोलल्या, पण हलल्या नाहीत. कानात इअरफोन घालून बसणारे, टेबलाखाली मित्र लपवणारे त्यांना दर आठवड्याला भेटत होते. प्रत्येकाची काही ना काही कहाणी होतीच. फोन ठेवून रंजिता लीलाधरकडे वळली.

“मी तुला शिव्या देणार होते,” ती म्हणाली. “पण तुझं तोंड बघून देववत नाही.”

रंजिताकडेच शिकायला येणाऱ्या मोनूला मात्र देववलं. “एकच जागा होती ना भाऊ?” तो हसत म्हणाला. “बरोबर निशाना साधला तुमी.”

हे वाक्य लीलाधरला बसलं. खरं म्हणजे असं कुणी म्हणेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता ते डोक्यातून जाईना. आज मोनू म्हणाला, उद्या गाव म्हणेल. गावाचं जाऊ द्या, डिंपलला काय वाटत असेल? आणि सगळ्यांत बोचरं हे की हिशेबानं पाहिलं तर मोनूचं बरोबरच होतं. डिंपल बाहेर गेली होती आणि हा आत होता. शुक्रवारी गप्प राहून मुलाखत दिली, तर जागा याच्याच पदरात पडायची शक्यता होती.

तो बराच वेळ विहाराच्या पायरीवर बसून राहिला आणि उठला तेव्हा त्याचं ठरलं होतं.

“ताई, डिंपलले घेऊन जातो मी शुक्रवारी,” तो रंजिताला म्हणाला. “माह्यासोबत. तिची मुलाखत पुन्हा घेतल्याबिगर मी तिथून उठत नाई.”

“ते घेणार नाहीत.”

“नाई घेतली तं नाई घेतली. पन मी विचारल्याबिगर राहात नाई.”

“आणि घेतली तर? ती तुझ्यापेक्षा चांगली आहे, लीलाधर. तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” तो म्हणाला. तो काही संत नव्हता. ती जागा त्याला तेव्हाही हवी होती.

रंजितानं खुर्ची ओढली. “बस मग. दोन दिवस आहेत. तुझी मुलाखतही आहेच ना शुक्रवारी? ती द्यायची आहे तुला. नुसता माफी मागायला जाणार असशील तर माझं नाव सांगू नकोस.”

मग तिनं त्याला जे शिकवलं ते कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. चहाचा कप पुढ्यात घेऊन ती प्रश्न विचारी, आणि तिचा चहा संपेपर्यंत उत्तर द्यायला त्याला बंदी. ती चहा मुद्दाम सावकाश पिई. लीलाधरच्या कपाळावर घाम येई, ओठ हलत, पाय नाचत. पहिल्या दिवशी तो चारदा फुटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र एक गंमत झाली. चहा निम्म्यावर असताना त्याच्या लक्षात आलं की आपण जे उत्तर देणार होतो ते चूक आहे. आणि चहा संपता संपता बरोबर उत्तर येऊन बसलं. तो इतका चकित झाला की उत्तर द्यायचंच विसरला.

“आलं का काही?” रंजितानं विचारलं.

“आलं ताई. पन ते आपोआप आलं.”

“तेच सांगून राहिले वर्षभर,” ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

डिंपलला तयार करणं याहून कठीण होतं. गुरुवारी तो कोहमाऱ्याला तिच्या घरी गेला तेव्हा ती अंगणात धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“मी कायले येऊ?” ती म्हणाली. “त्यायनं मले चोर म्हटलं. आता त्यायच्या दारात जाऊन भीक मागू का?”

“भीक मी मागीन. तू फक्त सोबत चाल.”

“आनि तुमची मुलाखत?”

“ते माहं मी पाहीन.”

ती पाखडत राहिली. लीलाधरच्या तोंडात दहा वाक्यं आली. तुझ्या भल्याचं आहे, अशी संधी पुन्हा येत नाही, माझ्या जिवाला घोर लागला आहे. एरवी त्यानं दहाही तिच्या अंगावर ओतली असती. त्या दिवशी तो गप्प उभा राहिला. सुपातला कोंडा उडत होता आणि हा नुसता उभा.

“सकारची एसटी किती वाजता आहे?” शेवटी डिंपलनंच विचारलं.

एसटीत ती खिडकीशी बसली. साकोलीच्या पुढे म्हणाली, “तिथं माह्या मुलाखतीत तुमी एक शब्द जरी बोलले ना भाऊ, तं मी उठून निघून जाईन.” लीलाधरनं मान हलवली. हे तोंडानं कबूल करायचंसुद्धा त्याचं धाडस झालं नाही.

कंपनीचं ऑफिस वर्धा रोडवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. लीलाधरचं नाव पुकारलं तेव्हा तो डिंपलला घेऊनच आत गेला. बारापात्रे मॅडम होत्या आणि त्यांच्या शेजारी एक तरुण इंजिनिअर होता. मॅडमनी डिंपलला लगेच ओळखलं आणि त्यांचा चेहरा आखडला.

“हे काय आहे?”

“मॅडम, मंगळवारी जो आवाज आला तो माझा होता,” लीलाधर म्हणाला. तो अजून उभाच होता. वाटेत त्यानं भाषण तयार केलं होतं, ते सगळं उडून गेलं. “तिनं मले विचारलं नव्हतं. तिले गरजही नव्हती. मी नाटकात प्रॉम्प्टर आहो. समोरचा थांबला की माझ्या तोंडातून आपोआप निघते. चूक माझी आणि शिक्षा तिले झाली.”

“किती घेता तुम्ही?” मॅडमनी थंडपणे विचारलं. “मुलाखतीत उत्तरं पुरवायचे?”

“नाटकाचे घेतो. याचे नाई घेत,” लीलाधर म्हणाला. तरुण इंजिनिअरला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात दडपलं.

मॅडम हसल्या नाहीत. “मी तुमच्यावर विश्वास का ठेवावा?”

“नका ठेवू. मी विश्वास ठेवा म्हणतच नाई. तिले नवा प्रश्न विचारा, जो कुठंच छापलेला नाई असा. आणि माझा भरोसा नसेल तर मले तुमच्या डोळ्यासमोर बसवा. पण विचारा. विचारल्याशिवाय मी काही जात नाई इथून.” शेवटचं वाक्य जरा चढ्या आवाजात गेलं. आमच्या बाजूला विनंतीही अशीच करतात. मॅडम नागपूरच्या, त्यांना ते कळत असावं.

“जागा एक आहे,” त्या म्हणाल्या. “तिनं चांगलं उत्तर दिलं तर तुम्ही आलात तसे परत. हे लक्षात येतंय का तुमच्या?”

“कोहमाऱ्याहून निघतानाच आलं होतं.”

मॅडमनी डिंपलकडे बघितलं. डिंपल बॅग छातीशी धरून ताठ उभी होती. “बसा,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीपण बसा, तिच्या शेजारी. माझी नजर तुमच्यावर राहील. ओठ जरी हलला ना, दोघांनाही दार दाखवीन.”

दोघं बसले. मॅडमनी जरा विचार केला आणि प्रश्न काढला.

“आमचा एक ग्राहक आहे, त्याचे रायपूर ते मुंबई ट्रक चालतात. प्रत्येक फेरीत गाडी ढाब्यांवर एकूण किती वेळ थांबली, याची नोंद आमच्याकडे आहे. आकडे असं सांगतात की ज्या फेरीत गाडी जास्त वेळ थांबली त्या फेरीत अपघात कमी. ग्राहक खूश आहे. तो म्हणतो, ड्रायव्हरनी जास्त थांबावं असा नियमच करतो. तुम्ही त्याला काय सल्ला द्याल?”

डिंपलनं खाली बघितलं.

लीलाधरला उत्तर तिथल्या तिथं मिळालं. अहो, सडक अर्जुनीच्या माणसाला हे काय विचारता? हायवेवर जन्म गेला. ड्रायव्हर थांबला की त्याचं जेवण होतं, डुलकी होते, डोळा ताजा होतो, म्हणून अपघात कमी. झोप! एवढा एक शब्द. तो शब्द त्याच्या दातांच्या मागं येऊन उभा राहिला आणि बाहेर ढकलू लागला. डिंपल गप्प. मॅडमची नजर याच्या ओठांवर. खालच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. लीलाधरनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि जीभ दातांत धरली. ही पोरगी अडकली, गेली, संपलं, एक शब्द दिला तर तरेल, असं सगळं अंग ओरडत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं वाईट त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं गप्पही तो कधी बसला नव्हता.

“मॅडम, एक विचारू?” डिंपल म्हणाली. “अपघात झाला की त्या गाडीची त्या फेरीची नोंद तिथंच थांबते का?”

“थांबते.”

तिनं पुन्हा खाली बघितलं. मग डिंपलनं मान वर केली.

“मग मी त्यांना सांगेन की नियम करू नका, अजून काही कळलेलंच नाही. जी गाडी साकोलीजवळ उलटली ती पुढच्या ढाब्यांवर थांबणार कशी? तिला थांबायला फेरीच उरली नाही. म्हणून तिचा थांबायचा वेळ कमी दिसतो. थांबली नाही म्हणून अपघात झाला, असं नाही; अपघात झाला म्हणून थांबली नाही. कमीत कमी सारख्याच अंतरापर्यंत पोचलेल्या गाड्या एकमेकींशी ताडून बघायला पाहिजेत. त्यानंतरही फरक दिसला तर मग झोपेचं बोलू.”

तरुण इंजिनिअरनं पेन खाली ठेवलं.

लीलाधरच्या दातांमागचा शब्द गळून पडला. चूक. साफ चूक होता तो शब्द, आणि तो त्यानं तिच्या तोंडात कोंबला असता. मंगळवारीही त्यानं तेच केलं होतं. त्याला लाज वाटली आणि त्याच वेळी असा आनंद झाला की त्याला उठून टाळी वाजवावीशी वाटली. ती जागा गेली होती, हे त्याला मॅडमच्या आधी कळलं. गणित येणाऱ्या माणसाला एवढं कळतंच.

मॅडमनी डिंपलला आणखी दोन प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी तिनं खाली बघितलं, प्रत्येक वेळी वेळ घेतला आणि प्रत्येक वेळी लीलाधरनं हात मांडीखाली ठेवले. शेवटी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“एक तारखेपासून येता येईल का?” त्यांनी विचारलं. “नागपुरात राहायची सोय आहे?”

“मावशी आहे,” डिंपल म्हणाली. तिचा आवाज फुटला तो तिथं. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि लीलाधरकडे बघितलं, मंगळवारनंतर पहिल्यांदा सरळ.

मॅडम लीलाधरकडे वळल्या. “तुमची मुलाखत राहिलीच. पण जागा तर भरली.”

“हो मॅडम.”

“परत सहा महिन्यांनी कदाचित एखादी निघेल. कदाचित. आज मुलाखत देऊन हाती काही लागणार नाही.”

“तरी द्यायची आहे,” लीलाधर म्हणाला. “मुलाखतीले आलो होतो, ती देऊनच जातो. तुमच्याकडे वेळ असेल तर.”

मॅडमनी इंजिनिअरकडे बघितलं आणि इंजिनिअर खुर्चीत पुढे सरकला. त्याचा प्रश्न असा होता: गाडी कोणत्या घाटात किती रखडेल, याचा अंदाज ते वर्षभर मनाशीच बांधून ताळा बघत होते, आणि अंदाज अगदी बरोबर येत होते. मग तेच अंदाज त्यांनी ड्रायव्हरांच्या मोबाइलवर द्यायला सुरुवात केली. त्या महिन्यापासून अंदाज चुकू लागले. मॉडेल तेच, आकडे चोख, कुणी काही बदललं नाही. मग झालं काय?

लीलाधरच्या तोंडात चटकन एक उत्तर आलं. ते त्यानं गिळलं. मागून दुसरं आलं, तेही त्यानं जाऊ दिलं. त्यानं खाली, टेबलाच्या कडेकडे बघितलं. खोली गप्प झाली. खालचे हॉर्न ऐकू येऊ लागले. मॅडमनी खुर्ची हलवली. डिंपलनं बॅगचा पट्टा बोटाला गुंडाळला; तिला उत्तर येत असावं, पण ती समोर बघत राहिली. इंजिनिअर चुळबुळला. एवढी शांतता त्याला झेपेना, त्याला या माणसाची दया आली असावी.

“म्हणजे असं बघा,” तो मदतीला धावला, “ड्रायव्हरच्या हातात जर आधीच अंदाज आला, तर तो...”

लीलाधरनं मान वर न करता हात वर केला.

“थांबा सर,” तो म्हणाला. “सांगू नका.”

इंजिनिअर थांबला. मग कुणीच बोललं नाही, आणि लीलाधर विचार करत राहिला.